भोंग्यातली हाक

देविदास : हसून राहिले, काका. मी पळा म्हणून सांगून राहिलो अन् ते हसून राहिले.

रतनसिंग : कोण हसलं?

देविदास : सगळी खालची आळी. रत्नपाल विचारतो, कॅमेरा कुठं लावलास? त्याच्या पोरी वेणी घालायला घरात पळाल्या. म्हणे मागच्या टायमाला केस बराबर दिसले न्हाईत.

रतनसिंग : वरच्या तळ्याची पाळ खचली, हे सांगितलंस का न्हाई?

देविदास : सांगितलं. गळ्याला हात लावून शपथ घेतली. तर म्हणतो, आता जमायला लागली तुला ॲक्टिंग.

रतनसिंग : दम खा आधी. देवळाच्या ह्या खांबाला टेक. तू खाली होतास तवा तांड्यावरच्या पुनमचंदचा फोन आलता, कुरुंद्याकडच्या रानातून. म्हणाला, रतनसिंग, पाळीची भेग आता बैलगाडी जाईल एवढी झाली. मग नुसती घोंघों ऐकू आली अन् फोन बंद.

देविदास : परत लावा ना.

रतनसिंग : तवापासून लावूनच राहिलो. लागत न्हाई.

देविदास : किती वेळात येईल पाणी इथं?

रतनसिंग : मागच्या पुराच्या बारीला बातमी अन् पाणी संगटच आलते. आज बातमी पुढं आली, ही देवाची मेहरबानी. अंधार पडायच्या आत येईल असं धरून चाल. तांडा इथं वर हाय, देऊळ वर हाय. मरण हाय ते खालच्या आळीला.

देविदास : पण इथं थेंब न्हाई, काका. आभाळ बघा कसं धुतल्यावानी. रत्नपालच्या बाईनं ओढ्यात भांडी घासायला घेतलीत. कोण भरवसा ठेवील?

रतनसिंग : तहसीलला कळवलं. माणसं निघाली म्हणाले. वसमतवरून यायला वेळ लागतोच. महाराजांची गाडी बी अजून आली न्हाई, कीर्तनाची वेळ होत आली. ते असते तर त्यांच्या शब्दाला लोक उठले असते.

देविदास : तुमी भोंग्यावरून हाक दिली ना मघाशी, तवा मी आळीतच होतो. काय झालं सांगू?

रतनसिंग : सांग.

देविदास : तुमी म्हणालात, ‘घरं सोडा, वर चढा.’ टपरीवरच्या पोरांनी दोन्ही हात वर केले अन् उड्या मारायला लागले. एकानं शिट्टी वाजवली.

रतनसिंग : माझ्या हाकेवर?

देविदास : हाकेवर न्हाई. गाण्यावर. त्यांना वाटलं, सप्त्याच्या भोंग्यावर कुणीतरी गाणं लावलं.

रतनसिंग : मग मी म्हणालो ना, बाबांनो, हे गाणं न्हाई.

देविदास : गाण्याची सुरुवात काय हाय, काका?

रतनसिंग : मला काय ठाव. मी कुठं पुरतं ऐकलं? तुझी ती गिटार किंचाळायला लागली की माझे कान बसतात.

देविदास : सुरुवातीला मीच म्हणतो. ‘हे गाणं न्हाई.’ मग ड्रम. मग तुमी.

रतनसिंग : रामा.

देविदास : आता काय करायचं?

रतनसिंग : मला इचारू दे एक. माझी हाक तुझ्या त्या यंत्रात गेलीच कशी? इतक्या दिवसांत कधी इचारलं न्हाई तुला.

देविदास : काकड्याचं रेकॉर्डिंग करत होतो पुराच्या त्या पहाटं. फोन गाभाऱ्याच्या चौकटीवर ठेवला होता. तुमी एकाएकी माईक हिसकून घेतलात अन् ओरडलात, ते सगळं त्यात आलं. पुण्याला गेल्यावर बँडमधल्या पोरांला ऐकवलं.  मग ड्रमवाल्यानं एक ठोका दिला. तिथून गाणं सुरू झालं. नाचायसाठी न्हाई केलं, काका. ऐकणाऱ्याला भ्या वाटावं म्हणून केलं.

रतनसिंग : भ्या गाण्यात घातलं की त्याची जत्रा होती, बाळा. सेनगावला वरातीत नवरदेव घोड्यावर चढवताना तेच. निवडणुकीच्या रिक्षावर तेच. कळमनुरीच्या बाजारात टमाट्याच्या ढिगावर फोन ठेवून पोरगं तेच वाजवून राहिलं. मला बी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? चहावाल्यानं आवाजावरून ओळखलं. तुमीच का ते वर चढावाले, म्हणाला. फुकट भजी दिली. खाल्ली मी.

देविदास : व्हिडिओ करायला नको होता. ते चुकलं. त्याच आळीत, त्याच माणसांला गाठोडी देऊन पळायला लावलं. हसू आलं की पुन्हा पळा म्हणायचो.

रतनसिंग : मग आज ते बराबरच करून राहिले. तू पळा म्हणालास अन् ते हसले. पद्माबाईकडं गेलास का न्हाई?

देविदास : गेलो होतो. मी अंगणात पाय टाकायला अन् तुमची हाक सुरू व्हायला एकच गाठ पडली. तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. आतून कडी घातली. मी दोन्ही हातांनी बडवलं, मावशी मावशी केलं. उत्तर न्हाई. तिची लेक सपना आत, सपनाचं तान्हं लेकरू आत.

रतनसिंग : कानात कापूस घालून बसली असंल. वरात निघाली की हेच करती. आमच्या घरची सांगून राहिली होती.

देविदास : माझ्या गाण्यामुळं.

रतनसिंग : मी त्या पहाटं दोन गोष्टी ओरडलो होतो. एक, घरं सोडा, वर चढा. सगळी आळी वर आली. मग बघतो तर जळबा पायऱ्यांवरून परत फिरलेला, गोठ्यातले बैल सोडायला. तवा ओरडलो, ‘जळबा, नको जाऊ माघारी.’ ते बी तुझ्या फोननं धरलं. आता वरातीत पोरं एकमेकांला ढकलून हसत म्हणतात, जळबा, नको माघारी. पद्माबाईनं काय करावं? तिच्या बुडालेल्या मालकाच्या नावावर मुलूख नाचून राहिला.

देविदास : नाव काढणार होतो. सगळे म्हणाले, नावामुळंच गाणं खरं वाटतं.

रतनसिंग : खरंच होतं ते. मी जातो खाली.

देविदास : ह्या गुडघ्यांनी? तुमी उतरेपर्यंत पाणी येऊन जाईल. अन् तुमाला बघून बी म्हणतील, आता काका बी व्हिडिओत. थांबा, भोंग्याचा आवाज वाढवून बघतो. ही वायर सैल दिसती.

रतनसिंग : हळू. तो वीणेचा माईक हाय. वीणा घेऊन पहाऱ्यावर उभ्या प्रेमदासच्या पुढ्यातला.

देविदास : काढली अन् लावली, एवढंच. काका. टपरीकडं बघा.

रतनसिंग : माझ्या डोळ्यांला इथून काय दिसतंय? तू सांग.

देविदास : बाकड्यावरची माणसं उभी राहिली होती. सगळी. देवळाकडं तोंड करून. आता बसली परत.

रतनसिंग : काहून उभी राहिली?

देविदास : वायर निघाली तेवढा वेळ वीणा ऐकू गेली न्हाई त्यांला. सप्ता बसल्यापासून रात्रंदिवस वाजून राहिली, कुणाचं ध्यान बी नव्हतं. थांबली तशी ऐकू आली.

रतनसिंग : पुढं बोलू नको.

देविदास : मी वीणा थांबवा म्हणत न्हाई. प्रेमदासभाऊच्या गळ्यात वाजू द्या तशीच. नुसता भोंगा बंद करू.

रतनसिंग : लाईट गेली म्हणतील. मघाशी उठले तसे बसलेच ना? लाईट जाती, भोंगा बिघडतो, हे त्यांला ठाव हाय. एकदा खोटं खोटं पळायला लावलंस तू त्यांला. आता खोट्यानं कुणी हलणार न्हाई.

देविदास : मग?

रतनसिंग : मग काय ते तुला बी कळलं अन् मला बी कळलं. तोंडातून काढू नको.

देविदास : तुमचे हात थरथरून राहिलेत.

रतनसिंग : भ्या वाटून राहिलं मला. पाण्याचं न्हाई. माझ्या बापानं ह्या देवळात सप्ता बसवला, तवापासून सप्त्यात वीणा जमिनीला टेकली न्हाई. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात, खाली कधीच न्हाई. बाप गेला तो बी सप्त्यातच. माझा पहारा होता. दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घातली अन् मगच खांदा द्यायला गेलो. त्या पुरात देवळाच्या खालच्या पायरीला पाणी लागलं होतं. प्रेमदास इथंच उभा होता, वीणा छातीशी धरून, रामकृष्णहरी म्हणत.

देविदास : देव रागावंल असं वाटतं का तुमाला?

रतनसिंग : देव काय रागावंल. तो मायबाप हाय. मला माझंच भ्या. उद्या कुणाचं जनावर मेलं, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, की गाव म्हणंल, रतनसिंगनं वीणा खाली ठेवली होती. अन् रात्री अंथरुणावर मला बी तसंच वाटंल. हे जन्माला पुरतं, देविदास. तुझं गाणं पुढच्या वर्षी लोक इसरतील. हे कुणी इसरणार न्हाई.

देविदास : ऐका.

रतनसिंग : काय?

देविदास : वरच्या रानातले कुत्रे. केवढे भुंकून राहिलेत.

रतनसिंग : व्हय.

देविदास : गप झाले. सगळे एकदम.

रतनसिंग : ...काल कीर्तनाला होतास का तू?

देविदास : काका, आता कीर्तन कुठं काढलं?

रतनसिंग : महाराजांनी दृष्टांत दिला काल. एक पुजारी सांजची आरती करून राहिला होता. बाहेर ओरडा झाला, लेकरू विहिरीत पडलं. त्यानं हातातलं ताट तसंच भुईवर ठेवलं अन् विहिरीत उडी घेतली. लेकरू काढलं. ओल्या धोतरानं परत आला तर निरांजन तसंच जळत होतं. लोक म्हणाले, वाऱ्यापासून कुणी राखलं हे? महाराज तेवढ्यावर थांबले अन् इठ्ठल इठ्ठल म्हणून पुढं गेले. मी रडलो काल. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ऐकून रडणं लई सोपं असतं, बाळा.

देविदास : काका.

रतनसिंग : प्रेमदास, इकडं ये. दे माझ्या गळ्यात. असा बघू नको माझ्याकडं. नेम मोडायचाच हाय तर माझ्या हातून मोडू दे, तुझ्या नावावर नको. पाया पडतो तुझ्या. रामकृष्णहरी. रामकृष्णहरी. टाळकऱ्यांनो, टाळ थांबवा. थांबवा म्हणतो ना. देविदास, माईक चालू ठेव.

देविदास : चालूच हाय.

रतनसिंग : खाली धर. पाटाजवळ. लाकूड लाकडाला लागल्याचं ऐकू जाऊ दे गावाला.

(रतनसिंग वीणा पाटावर ठेवतो. भोंग्यातून नुसती घरघर येत राहते.)

देविदास : ठेवलीत तुमी.

रतनसिंग : मला डोळे उघडवत न्हाईत. तू बघून सांग.

देविदास : कुणी न्हाई... टपरीवरचे उठले. उभेच हायत. रत्नपाल बाहेर आला, हातवारे करून इचारून राहिला, काय झालं.

रतनसिंग : उत्तर देऊ नको.

देविदास : भोंग्यावरून सांगतो ना, आता ऐकतील.

रतनसिंग : माईकला हात लावू नको. सांगितलंस की खालीच उभं राहून ऐकतील. न्हाई सांगितलं तर बघायला वर येतील.

देविदास : बसले न्हाईत अजून. निघाले, काका. म्हातारे पुढं, काठ्या घेऊन. पंचफुलाआत्या ओरडून राहिली, वीणेकरी मेला का रं कुणी? बायकांनी लेकरं उचललीत.

रतनसिंग : लेकरं बी?

देविदास : दिवेलागणीला घरी एकलं कोण ठेवील? सगळी आळी रस्त्यावर हाय. शिव्या देऊन राहिले. ऐकू येतात का?

रतनसिंग : देऊ दे. देता देता चढू दे.

देविदास : रत्नपाल सगळ्यांच्या पुढं हाय. दगड हाय त्याच्या हातात.

रतनसिंग : पायऱ्यांला लागला का?

देविदास : लागला. तुमचं नाव घेऊन बोंबलून राहिला, कुणाच्या हुकमानं थांबवली म्हणून.

रतनसिंग : वर येऊन मारू दे मग.

देविदास : थांबला तो. मागं वळला. सगळेच वळले. ओढ्याकडं बघून राहिले.

रतनसिंग : काहून? काय हाय?

देविदास : भांडी. त्याच्या बाईनं काठावर ठेवलेली भांडी तरंगून राहिलीत. काका, ओढा दिसंना कुठला ते. तो आवाज...

रतनसिंग : ऐकला. प्रेमदास, मागचे ओटे मोकळे करा. म्हाताऱ्यांला हात द्या. धक्काबुक्की करू नका, जागा लई हाय. पद्माबाई आली का?

देविदास : गर्दीत दिसत न्हाई.

रतनसिंग : नीट बघ. सपनाच्या हातात लेकरू असंल.

देविदास : बघून राहिलो. न्हाई त्यांच्यात. दार लावलेलंच हाय अजून. टपरीच्या बाकड्यावरून पाणी गेलं, काका. मी जातो.

रतनसिंग : कुठं?

देविदास : दार तोडतो. पोहता येतं मला. हात सोडा.

रतनसिंग : ते पोहायचं पाणी न्हाई.

देविदास : माझ्या गाण्यापायी ती कान बंद करून बसली. सोडा मला.

रतनसिंग : देविदास, नको जाऊ माघारी.

देविदास : हे शब्द तेवढे नका वापरू, काका.

रतनसिंग : माझ्याजवळ दुसरे न्हाईत रे. त्याला बी हेच म्हणालो होतो. तो लांब होता, माझ्या हाताला आला न्हाई. तू आलास. सोडणार न्हाई मी.

पद्माबाई : कुणाला धरून राहिलात, भाऊ?

देविदास : मावशी.

रतनसिंग : पद्माबाई. तुमी... कुठून आलात?

पद्माबाई : मागल्या दारानं निघालो, मागच्या पाऊलवाटेनं. पायऱ्यांवर ही गर्दी, बाळंतिणीला घेऊन कशी घुसू त्यात? सपना, बस इथं भिंतीला टेकून. पाय पोटाशी घे. प्रेमदास, ते उपरणं दे तिला, वारा लागतो. बघत काय बसलास? तुमच्या देवाचं असलं तरी चालंल.

देविदास : मावशी, मी किती दार बडवलं.

पद्माबाई : कापूस होता कानात. म्हटलं, लागलं ह्याचं गाणं. आता देवळातून बी लागलं.

रतनसिंग : मग कळलं कसं तुमाला?

पद्माबाई : मला कुठलं कळतं? लेकराला कळलं. सप्ता बसल्यापासून ते ह्या तुमच्या वीणेवर झोपून राहिलं. आमी विहारातली माणसं, पण लेकराला कोण सांगणार ते? आज गाढ झोपेतून दचकून उठलं अन् निळं होईतो रडायला लागलं. मी कापूस काढला. तर सगळ्या गावात आवाजच न्हाई. म्हटलं, रतनसिंगभाऊ पडले. त्याशिवाय ही वीणा थांबत न्हाई. सपनाला म्हटलं, ऊठ.

रतनसिंग : मला बघायला आलात तुमी.

पद्माबाई : मग काय तुमच्या देवाला? त्याला बघायला अख्खं गाव हाय. पुराची ती पहाट सोडली तर ह्या देवळात पाय ठेवला न्हाई कधी मी. जळबा गेला तवा सगळे येऊन रडून गेले, अन् तुमी तेवढे अंगणात बसून राहिला होतात, न बोलता. ते माझ्या ध्यानात हाय. बरे हाव ना?

रतनसिंग : बरा हाय.

पद्माबाई : मग हे कशाचं... हे पाणी कवा आलं?

रतनसिंग : तुमी वाट चढत होता तवाच आलं असंल.

देविदास : तिकडं बघू नका, मावशी.

पद्माबाई : बघते. मागच्या बारीला डोळे झाकून घेतले होते. तवापासून रोज बघून राहिले.

देविदास : भिंत गेली तुमची.

पद्माबाई : दिसलं मला.

देविदास : मी गाण्यातून नाव काढतो, मावशी. गाणंच उतरवतो सगळीकडून.

पद्माबाई : तू उतरवशील. वरातवाले काय तुला इचारून वाजवतात? त्याचं नंतर बघू, तू अन् मी. आता खाली जाऊन बघ, एकूण एक आलं का. रत्नपालचा म्हातारा दिसत न्हाई.

देविदास : रत्नपालनं पाठुंगळी आणला त्याला. दगड टाकून दिला वाटतं पायरीवर. सगळे हायत, मावशी. आत्ताच आवाज देऊन देऊन मोजलं त्यानं. तुमीच दोघी राहिल्या होत्या.

पद्माबाई : भाऊ, ही वीणा अशी पाटावर काहून पडली?

रतनसिंग : मी ठेवली.

पद्माबाई : तुमी?

रतनसिंग : ऐकत नव्हतं कुणी. दुसरं काही सुचलं न्हाई.

पद्माबाई : झालं ना मग काम? उचला.

रतनसिंग : हात पुढं होईना, पद्माबाई. बापाच्या वक्तापासूनचा नेम. ज्यानं मोडला त्यानंच परत गळ्यात घालावी का? महाराज येऊ देत, त्यांला इचारतो. म्हणतील तर प्रायश्चित्त घेतो.

पद्माबाई : ते तुमच्यातलं मला काही कळत न्हाई. महाराज कवा येतात ते येऊ देत, रस्ता तरी राहिलाय का त्यांला? हे बघा इकडं. घसा बसला रडून रडून. आईच्या दुधाला तोंड लावत न्हाई, माझ्या मांडीवर राहत न्हाई.

रतनसिंग : कापून राहिलंय ते.

पद्माबाई : तुमच्यावानीच. उचला, भाऊ. त्याला झोपायचं हाय.